व्यायामशिक्षकाचे दुहेरी शिक्षण

मुलाने वैद्यकीच्या अभ्यासाला जावयाचे ठरविले तर घरात आनंद होतो. अभियंता व्हावयाचे म्हटले तरी कोणी हरकत घेत नाही. परंतु व्यायाम आणि त्याचे शास्त्र शिकण्यासाठी महाविद्यालयात नाव घालतो असे तो म्हणाला, आणि त्यातून मुलीनेच तसे म्हटले, तर वडील माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. "व्यायाम ही करावयाची गोष्ट आहे, ती शिकण्यासाठी वर्षे कशाला खर्चावयाची?" हा प्रश्न ग्वाल्हेर-इंदूरच्या वाड्यांतून विचारला जातो, तसाच बडोद्याच्या पोळांतून आणि बेळगावच्या गल्ल्यांतूनही विचारला जातो.

हा प्रश्न वाटतो तितका अडाणीपणाचा नाही. आपल्याकडे पिढ्यानुपिढ्या व्यायाम तालमीत शिकविला गेला. वस्तादाला पदवी नव्हती. त्याच्या अंगावरची मातीच त्याचे प्रमाणपत्र होते. आता तालमीच्या शेजारी जिम उभी राहिली आहे आणि तेथे काही आठवड्यांचा अभ्यासक्रम पुरा करून आलेला तरुण "ट्रेनर" म्हणून उभा असतो. दुसऱ्या टोकाला विश्वविद्यालयात स्नायूंचे आणि हृदयाचे सूक्ष्म ज्ञान मिळविलेला, परंतु दहा मुलांना एका रांगेत उभे करून त्यांच्याकडून सूर्यनमस्कार करवून घेण्याची वेळ आली की गोंधळणारा पदवीधरही आढळतो. एकाला कसे करावे हे ठाऊक असते, दुसऱ्याला का करावे हे ठाऊक असते. ही दोन्ही ज्ञाने एकाच माणसाच्या ठिकाणी आणणारे जे शिक्षण, त्याला आपण सोयीसाठी व्यायामाची संयुक्त पात्रता म्हणू. तिच्यात काय शिकावे लागते, ती का हवी आणि ती घेऊ इच्छिणाऱ्याने कोणती काळजी घ्यावी, या तीन प्रश्नांचा आज विचार करावयाचा आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू; कारण तालीम आणि प्रयोगशाळा यांचा हा संयोग कोठून तरी परदेशातून आयात झाला, असा आपला समज असतो. वस्तुतः त्यातील एक महत्त्वाचा धागा बडोद्यात कातला गेला. तेथील जुम्मादादा व्यायाममंदिरात प्रोफेसर माणिकराव यांनी कुस्ती, मल्लखांब, लाठी यांचे शिक्षण शिस्तबद्ध रीतीने दिले. हाडवैद्य म्हणूनही त्यांची ख्याती होती. म्हणजे शरीर घडविणे आणि बिघडलेले शरीर दुरुस्त करणे ही दोन्ही कामे तेथे एकाच छपराखाली चालत. माणिकरावांच्या हाताखाली १९०७ ते १९१० या काळात जगन्नाथ गणेश गुणे नावाचा एक तरुण शिकला. हेच पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून प्रसिद्धीस आले. उड्डियान आणि नौली या क्रिया करताना पोटाच्या आत नेमके काय घडते, हे त्यांनी बडोद्यातच क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासून पाहिले. पुढे १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रियांच्या शास्त्रीय परीक्षणाला वाहिलेले 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू केले. तालमीत तयार झालेला माणूस प्रयोगशाळेत गेला, तरी तालमीला त्याने कमी लेखले नाही, हे या उदाहरणाचे मर्म आहे. बडोद्यानेच पुढे दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांच्या संपादकत्वाखाली मराठीत 'व्यायाम ज्ञानकोश' दिला. त्याचे दहा खंड पाहिले म्हणजे या विषयाचा विस्तार केवढा आहे याची कल्पना येते.

अमरावतीस १९१४ साली वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिक सामन्यांच्या वेळी त्याच्या पथकाने भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखविली. मद्रासला हॅरी क्रो बक यांनी १९२० साली व्यायामशिक्षकांसाठी वाय.एम.सी.ए.चे महाविद्यालय सुरू केले आणि मुंबई सरकारने १९३८ साली कांदिवलीस अशाच प्रकारची प्रशिक्षणसंस्था उघडली. परंतु हा विषय केवळ पदवीनंतरची एखादी पुरवणी न राहता स्वतंत्र तीन वर्षांच्या पदवीचा विषय व्हावा, ही कल्पना ग्वाल्हेरास प्रत्यक्षात आली. १८५७ च्या संग्रामाला शंभर वर्षे झाली त्या वर्षी, म्हणजे १९५७ साली, झाशीच्या राणीचे स्मारक म्हणून तेथे लक्ष्मीबाईंच्या नावाचे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय स्थापन झाले. ज्या नगरीत राणीने देह ठेवला, त्या नगरीत तिचे स्मारक व्यायामाच्या विद्यापीठाच्या रूपाने उभे राहावे, हे औचित्य सहज ध्यानात येण्यासारखे आहे. प्रारंभी हे महाविद्यालय विक्रम विद्यापीठाशी आणि पुढे जिवाजी विद्यापीठाशी संलग्न होते. १९९५ साली त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तेथे मैदानाबरोबरच व्यायामशरीरक्रियाशास्त्र आणि जैवयंत्रशास्त्र यांचे विभागही आहेत.

आता या अभ्यासात काय शिकावे लागते ते पाहू. पहिला विषय अर्थातच शरीररचनेचा. हाडे, सांधे आणि स्नायू यांची नावे पाठ करणे हा त्यातला कंटाळवाणा भाग. पण त्या नावांमागे यंत्रशास्त्र उभे असते. कोपरात हात वाकवून आपण पाच किलोची पिशवी उचलतो, तेव्हा दंडाच्या पुढच्या स्नायूला केवळ पाच किलोचाच जोर लावावा लागत नाही. तो स्नायू कोपरापासून अवघ्या चार-पाच सेंटिमीटरवर हाडाला जोडलेला असतो आणि ओझे मात्र तळहातात, त्याच्या सात-आठपट अंतरावर असते. तरफेच्या नियमाप्रमाणे स्नायूला ओझ्याच्या तितक्याच पट जोर लावावा लागतो. हे ज्याला समजले, तो हात लांब ताणून वजन उचलू पाहणाऱ्या नवशिक्याला थांबवील. आणि जमिनीवरचे ओझे अंगाजवळ धरून उचलावे असे आजी का सांगत असे, तेही त्याला उमगेल.

दुसरा विषय शरीराच्या क्रियांचा. धावणाऱ्याला बळ कोठून मिळते? स्नायूत तयार असलेली शक्ती दोन-तीन सेकंदांतच संपते. तिची भर घालणारा दुसरा साठा साधारण दहा सेकंद पुरतो. म्हणून शंभर मीटरची शर्यत जवळजवळ त्याच्याच जिवावर धावली जाते. त्यापुढे शरीर प्राणवायूची वाट न पाहता साखर फोडू लागते. चारशे मीटर धावणाऱ्याच्या मांड्या शेवटच्या टप्प्यात जड होतात, त्या या धांदलीत. आणि मिनिट-दीड मिनिटापलीकडे जसजसे जावे तसतसा भार श्वासावर, हृदयावर आणि रक्ताभिसरणावर पडत जातो. हे ज्ञान एका दिवसात आलेले नाही. स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांविषयीच्या संशोधनाबद्दल ऑगस्ट क्रोग यांना १९२० चे, आणि स्नायूंतील उष्णता व रासायनिक घडामोडी यांच्या अभ्यासाबद्दल आर्किबॉल्ड हिल व ओटो मायरहोफ यांना १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले आहे. व्यायामाच्या शास्त्रामागे केवढी मोठी तपश्चर्या आहे हे यावरून दिसेल.

या विषयाच्या अभ्यासाने अनेक लोकसमजुती दुरुस्त होतात. पावागड चढून उतरलेला किंवा ग्वाल्हेरचा किल्ला पायी फिरून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी मांड्या धरून बसतो आणि अंगात आम्ल साचले म्हणून सांगतो. वास्तविक ते आम्ल म्हणून ज्याला नावे ठेविली जातात, तो पदार्थ तास-दीड तासात रक्तातून निघून जातो आणि हृदय व इतर स्नायू त्याचा इंधन म्हणून उपयोगही करतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येणारे दुखणे मुख्यतः उताराचे देणे असते. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचे वजन पेलत असतो, आणि त्या अनभ्यस्त ताणाने त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. चढताना धाप लागते, पण दुखणे उताराचे असते. ही गोष्ट कळली की शिक्षक नवशिक्याला पहिल्याच दिवशी उतारावर पळविणार नाही.

तिसरा विषय अभ्यासक्रमाची आखणी, म्हणजे कोणाला, किती आणि केव्हा. येथे तालमीचे शहाणपण आणि शास्त्राचे निष्कर्ष हातात हात घालून चालतात. दंड-बैठका थोड्या थोड्या वाढवीत न्याव्यात, हे वस्ताद पूर्वीपासून सांगत आला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जखमी सैनिकांचे दुबळे झालेले पाय सुधारताना अमेरिकन लष्करी डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांनी वजन क्रमाक्रमाने वाढविण्याची पद्धत बसविली आणि १९४५ साली ती प्रसिद्ध केली. आज जगभर जे भारव्यायाम दिले जातात, त्यांच्या मुळाशी हेच तत्त्व आहे. शास्त्राने त्यात भर घातली ती कारणांची. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते, ती बव्हंशी मज्जातंतू स्नायूंना कामाला लावावयास शिकतात म्हणून. स्नायू जाड होणे त्यानंतरचे. आणि स्नायूंना हाडाशी जोडणारे कंडरे त्याहूनही सावकाश बळकट होतात. म्हणजे महिन्याभरात ज्याच्या अंगात जोर आल्यासारखा वाटतो, त्याचे सांधे मात्र अद्याप तयार झालेले नसतात. नेमक्या याच वेळी तो उत्साहाने वजन दुप्पट करतो आणि खांदा दुखावून घेतो. अशा वेळी त्याला आवरणारा माणूस जवळ हवा.

याशिवाय मोजमाप आणि परीक्षण, मानसशास्त्र, आहार, योग, प्रथमोपचार, शिकविण्याच्या पद्धती आणि खेळांच्या व्यवस्थापनाचे ज्ञान हेही विषय असतात. आणि या सर्वांच्या बरोबरीने मैदान असते. सकाळी उजाडण्यापूर्वी कवायत, धावणे, उड्या, मल्लखांब किंवा जिम्नॅस्टिक, दुपारी वर्ग आणि प्रयोगशाळा, संध्याकाळी खेळ, आणि ठरावीक काळ प्रत्यक्ष शाळेत जाऊन मुलांना शिकविण्याचा सराव. बी.पी.एड्. हा पदवीनंतरचा अभ्यासक्रम पूर्वी एका वर्षाचा असे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४ च्या नियमावलीने तो दोन वर्षांचा केला. कारण एवढे सारे एका वर्षात बसविणे म्हणजे दोन्हींवर अन्याय करणे होते.

येथे कोणी म्हणेल, हे सर्व ठीक आहे. पण एकाच माणसाला दोन्ही कशाला यावयास हवे? शास्त्र डॉक्टरांनी सांभाळावे, कसरत वस्तादाने शिकवावी. कामाची अशी वाटणी वरवर सोयीची दिसते. परंतु ज्या क्षणी निर्णय घ्यावयाचा असतो, त्या क्षणी डॉक्टर दवाखान्यात असतो आणि समोर केवळ व्यायामशिक्षकच उभा असतो. तीन उदाहरणे देतो.

पहिले उदाहरण शाळेचे. मुलगा उशिरा आला म्हणून त्याला शिक्षा म्हणून शेकडो बैठका काढावयास लावणे पुष्कळ ठिकाणी चालत आले आहे. ज्याला सवय नाही अशा मुलाने एकदम इतक्या बैठका काढल्या, तर क्वचित प्रसंगी मांड्यांचे स्नायुतंतू मोठ्या प्रमाणावर तुटतात. त्यांतील द्रव्य रक्तात उतरून मूत्रपिंडांवर येते आणि लघवी काळ्या चहाच्या रंगाची होते. वेळेवर रुग्णालयात नेले नाही, तर मूत्रपिंडे निकामी होण्याची भीती असते. ही गोष्ट ज्याने एकदा अभ्यासली आहे, तो बैठकांचा शिक्षेसाठी उपयोग करणार नाही. आणि कोणा मुलाने दुसऱ्या दिवशी पाय सुजल्याची व लघवीचा रंग बदलल्याची तक्रार केली, तर त्याला "नाटक करतोस" म्हणून हाकलून न देता तत्काळ डॉक्टरांकडे पाठवील.

दुसरे उदाहरण प्रौढांचे. पन्नाशीचे गृहस्थ जिममध्ये येतात. भिंतीवर तक्ता असतो: दोनशेवीसमधून वय वजा करा, ती तुमच्या नाडीची कमाल मर्यादा. म्हणजे या गृहस्थांची एकशेसत्तर. हे सूत्र १९७० च्या सुमारास पुढे आले आणि सोपे असल्यामुळे सर्वत्र पसरले. परंतु ते सरासरीचे सूत्र आहे. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत प्रत्यक्ष मर्यादा दहा-बारा ठोक्यांनी, कधी त्याहूनही अधिक, इकडेतिकडे असते. शिवाय हे गृहस्थ जर रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर जातीच्या गोळ्या घेत असतील, तर त्या गोळ्या नाडीचा वेगच रोखून धरतात. तक्त्यातला आकडा गाठण्यासाठी त्यांना पिटाळीत राहणे म्हणजे लगाम खेचून धरलेल्या घोड्याला चाबूक मारण्यासारखे आहे. जाणता शिक्षक प्रथम विचारतो, "आपण कोणती औषधे घेता?" आणि मग तक्ता बाजूस ठेवून त्यांच्या बोलण्याकडे लक्ष देतो. व्यायाम करताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, ही मध्यम श्रमाची साधी आणि विश्वसनीय खूण आहे. हेच गृहस्थ श्वास कोंडून जड वजन ढकलू लागले, तर तो त्यांना तत्क्षणी थांबवील. जड वजन श्वास रोखून ढकलताना धडधाकट तरुण वजनपटूंचाही वरचा रक्तदाब क्षणभर तीनशे मिलिमीटरच्या पलीकडे गेल्याचे प्रयोगशाळेत मोजले गेले आहे. मग आधीच दाब वाढलेल्या माणसाविषयी काय बोलावे!

तिसरे उदाहरण मधुमेही माणसाचे. त्याला व्यायाम हवाच. पण जो इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही विशिष्ट गोळ्या घेतो, त्याची साखर व्यायामाने अकस्मात खाली येऊ शकते. घाम सुटणे, हात थरथरणे, बोलणे असंबद्ध होणे ही लक्षणे दिसली की तो दमला असे समजून "अजून दोन फेऱ्या" म्हणणारा शिक्षक आणि खिशातील साखर त्याच्या तोंडात घालणारा शिक्षक, यांच्यात जे अंतर आहे, तेच या संयुक्त पात्रतेचे प्रयोजन.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. पुस्तकातून गुडघ्याची रचना पाठ केलेल्याला, बैठक मारताना मुलीचा गुडघा आत झुकतो आहे हे दिसेलच असे नाही. ते दिसण्यासाठी डोळा तयार व्हावा लागतो आणि डोळा मैदानावर तयार होतो. मल्लखांबावर चढणाऱ्या मुलाच्या मनातली भीती कोणत्या क्षणी संपते आणि केव्हा आधाराचा हात काढून घ्यावा, हे कोणत्याही ग्रंथात लिहून ठेविता येत नाही. म्हणून या पात्रतेत शास्त्राच्या परीक्षेइतकेच प्रात्यक्षिकाला महत्त्व असते, आणि ते तसे असावयासच हवे.

समाजाच्या दृष्टीनेही या शिक्षणाची निकड वाढली आहे. १९५३ साली लंडनमध्ये जेरेमी मॉरिस आणि त्यांचे सहकारी यांनी दुमजली बसगाड्यांवरील कामगारांची पाहणी प्रसिद्ध केली. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढत-उतरत तिकिटे फाडणाऱ्या वाहकांना हृदयविकाराचा त्रास कमी होतो, असे त्यांना आढळले. बैठ्या जीवनाचा धोका दाखविणारी ती एक आद्य पाहणी होय. आज आपल्यापैकी बहुतेक जण त्या चालकाच्या जागी बसले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले की, प्रौढांनी आठवड्यातून दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत. पासष्टीच्या पुढील लोकांनी आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही करावेत. हे सांगणे सोपे आहे. परंतु गुडघे दुखणाऱ्या आजीबाईंनी तोलाचा व्यायाम नेमका कोणता करावा, तो करताना कशाला धरावे आणि तो केव्हा वाढवावा, हे त्यांच्याजवळ उभे राहून शिकविणारे माणूस प्रत्येक पेठेत हवे. आपल्याकडे स्त्रियांना व्यायाम सांगण्यासाठी स्त्री-शिक्षिका अधिक सोयीच्या वाटतात. त्या दृष्टीने मुलींनी या शिक्षणाकडे वळावे, असे आग्रहाने सांगावेसे वाटते.

आता जे विद्यार्थी हा मार्ग धरू पाहतात, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या पालकांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. पहिली म्हणजे, पात्रता कशासाठी हवी ते आधी ठरवावे. शाळेत शिक्षक व्हावयाचे असेल, तर अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता असलेलाच अभ्यासक्रम हवा. एखाद्या खेळाचा मार्गदर्शक व्हावयाचे असेल, तर १९६१ साली पतियाळा येथे स्थापन झालेल्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या पदविकेला मान आहे. व्यायामशाळेत काम करावयाचे असेल, तर अल्प मुदतीची प्रमाणपत्रेही मिळतात; ती वाईट नव्हेत, परंतु ती दाराची पायरी आहेत, घर नव्हे. शास्त्राची पदवी हाती असलेल्याने असे एखादे प्रात्यक्षिक-प्रमाणपत्र जोडावे आणि केवळ प्रमाणपत्र असलेल्याने शास्त्राच्या पदवीकडे वळावे. दोहोंचा मेळ कोणत्याही बाजूने घालता येतो.

दुसरी गोष्ट, संस्था निवडताना माहितीपत्रकावरची छायाचित्रे पाहू नयेत. पुढील प्रश्न विचारावेत: मान्यता कोणाची आहे आणि ती चालू वर्षाची आहे काय? मैदानावरचे तास किती आणि प्रयोगाचे किती? शिकाऊ विद्यार्थ्याला खऱ्या माणसांना, म्हणजे मुलांना, प्रौढांना, वृद्धांना, अनुभवी शिक्षकाच्या देखरेखीखाली शिकवावयास मिळते काय? बेशुद्ध पडलेल्या माणसाच्या छातीवर दाब देऊन हृदय चालू ठेवण्याचा सराव पुतळ्यावर करून घेतात काय? या प्रश्नांची उत्तरे देताना जी संस्था चाचरते, तिच्यात पैसे घालण्यापूर्वी दहादा विचार करावा.

तिसरी गोष्ट भाषेची. आपल्या प्रांताबाहेरच्या मराठी मुलांना ही अडचण विशेष जाणवते. घरात मराठी, शाळेत हिंदी, कन्नड, गुजराती किंवा तेलुगू आणि ग्रंथ इंग्रजी, अशी त्यांची तिहेरी कसरत असते. यावर एकच उपाय आहे: प्रत्येक संज्ञा स्वतःच्या शरीरावर शोधावी. पाठ्यपुस्तकातले लांबलचक नाव वाचले की तो स्नायू स्वतःच्या हाताने चाचपून पाहावा, आखडून-सैलावून पाहावा आणि आपल्या भाषेत त्याचे काम एका वाक्यात लिहावे. अशी वही वर्षभर ठेविली, तर परीक्षेत उपयोग होतोच. शिवाय पुढे आजीबाईंना समजेल अशा शब्दांत बोलण्याची तयारीही आपोआप होते. दुसरा असाच एक सराव सांगतो. रोज पहाटे अंथरुणातून उठण्यापूर्वी स्वतःची नाडी मिनिटभर मोजून पंधरा दिवस लिहून ठेवावी. आदल्या दिवशी फार श्रम झाले, झोप अपुरी झाली किंवा ताप येऊ घातला, की तो आकडा बहुधा वर चढलेला दिसतो. विश्रांती हाही व्यायामाचाच भाग आहे, हे पुस्तकात वाचण्यापेक्षा आपल्या मनगटावर वाचलेले अधिक पटते.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट मर्यादेची. ही पात्रता घेतलेला माणूस डॉक्टर नव्हे. छातीत कळ येणाऱ्या, चालताना चक्कर येणाऱ्या किंवा हातापायाला मुंग्या येणाऱ्या माणसाला त्याने व्यायाम देण्याऐवजी वैद्यकीय सल्ल्यासाठी पाठवावयाचे असते. कोठे थांबावे हे कळणे ही या शिक्षणाची पहिली परीक्षा आहे. ती परीक्षा विद्यापीठ घेत नाही, पुढे आयुष्यभर रोज द्यावी लागते. व्यायामशाळेच्या भिंतींवर "सहा आठवड्यांत कायापालट" अशा पाट्या लागतात, तेव्हा मज्जातंतू, स्नायू आणि कंडरे यांची वेगवेगळी गती जाणणाऱ्या शिक्षकाने तशी वचने देऊ नयेत, एवढी अपेक्षा तरी त्याच्या पदवीकडून करता येईल.

आणि उपजीविकेचे काय, असे पालक विचारतील. शाळा व महाविद्यालये, सैन्यदले आणि पोलिसांची प्रशिक्षणकेंद्रे, क्रीडासंघ, हृदयरोग्यांना पुन्हा चालते-फिरते करणारी रुग्णालयातील केंद्रे, वृद्धनिवास, खाजगी व्यायामशाळा, अशी कामाची क्षेत्रे आहेत. सर्वांना सारखे वेतन मिळते किंवा नोकरी चटकन लागते असे सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पुष्कळांना आरंभीची काही वर्षे खाजगी शिकवण्यांवर काढावी लागतात. परंतु ज्याच्याजवळ दोन्ही अंगांची तयारी आहे, त्याला एक दार बंद झाले तर दुसरे ठोठावता येते.

तेव्हा श्रोतेहो, आपल्या घरातील मुलाने किंवा मुलीने हा अभ्यास करावयाचे मनात आणले, तर त्याला हसू नये. त्याला दोनच प्रश्न विचारावेत: पहाटे उठून मैदानावर जाण्याची तयारी आहे का, आणि संध्याकाळी परत आल्यावर पुस्तक उघडण्याची तयारी आहे का? दोन्हींचे उत्तर होकारार्थी आले, तर त्याला आनंदाने जाऊ द्यावे. आणि आपण स्वतः एखाद्या व्यायामशाळेत नाव घालावयास जाल, तेव्हा तेथील यंत्रांची संख्या मोजण्यापूर्वी शिकविणाऱ्याने आपणांस काय विचारले याकडे लक्ष द्यावे. आपले वय, आपली औषधे आणि आपले जुने दुखणे यांची चौकशी केल्यावाचून ज्याने आपल्या हाती वजन दिले, त्याच्याकडून ते घेऊ नये.